कंपनामुळे सैल होणारे नट-बोल्ट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नीट आवळलेला बोल्ट आपोआप सैल कसा होतो?

बोल्टचे आटे म्हणजे दांड्याभोवती गुंडाळलेला उतार असतो. एम १२ मापाच्या, म्हणजे १२ मिलिमीटर व्यासाच्या, नेहमीच्या जाड आट्याच्या बोल्टवर हा उतार जेमतेम ३ अंशांचा भरतो. पोलादावर पोलादाचे घर्षण इतक्या कमी उतारावर नटाला सहज धरून ठेवते, त्यामुळे भार स्थिर असेल तर आवळलेला नट वर्षानुवर्षे जागचा हलत नाही. अडचण सुरू होते ती जोडलेले दोन भाग एकमेकांवर आडवे सरकू लागल्यावर. थोड्या तिरप्या पत्र्यावर वीट ठेवली तर ती जागेवर राहते. पण त्याच पत्र्याला आडवे धक्के देत राहिले, तर धक्का आडवा असूनही वीट दर धक्क्याला थोडी थोडी उताराच्या दिशेने उतरते. एका दिशेने घर्षणावर मात झाली की त्या क्षणापुरते दुसऱ्या दिशेचे घर्षणही उरत नाही. नटाच्या बाबतीत उतार आट्यांचा असतो आणि बोल्टमधला ताण नटाला त्या उतारावरून खाली, म्हणजेच उघडण्याच्या दिशेने, ढकलत असतो.

गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ मध्ये ही गोष्ट प्रयोगाने दाखवून दिली. बोल्टच्या अक्षाच्या दिशेने होणाऱ्या कंपनापेक्षा अक्षाला काटकोनात होणारी हालचाल कितीतरी अधिक घातक असते, हा त्यांचा निष्कर्ष. त्यांनी बनवलेल्या यंत्रात जोड आडवा हलवत ठेवतात आणि दर आवर्तनाला बोल्टमधला ताण किती उतरला ते मोजतात. लॉकिंगच्या, म्हणजे नट सुटू नये म्हणून लावायच्या, साधनांची तुलना आजही याच पद्धतीने केली जाते, म्हणून विक्रेत्याने आपल्या वॉशरची किंवा नटाची ख्याती सांगितली की त्याच्याकडे युंकर चाचणीचा आलेख मागावा.

मग सर्वात आधी लक्ष कशाकडे द्यावे?

पकडीकडे. भाग एकमेकांवर सरकलेच नाहीत तर नट फिरण्याचे मूळ कारणच राहत नाही, आणि भाग सरकू नयेत हे काम बोल्टमधला ताण करतो. याच ताणाला कारखान्यात प्रीलोड म्हणतात. लॉकिंगच्या प्रत्येक साधनाचा क्रम त्यानंतरचा आहे.

एक हिशेब पाहू. ८.८ ग्रेडचा (ग्रेड म्हणजे बोल्टच्या पोलादाच्या ताकदीचा दर्जा) एम १२ बोल्ट सुमारे ४९ किलोन्यूटन ताणापर्यंत कायमचा न लांबता टिकतो. त्याच्या तीन चतुर्थांश, म्हणजे साधारण ३६ किलोन्यूटन, ताण आवळताना दिला आणि पृष्ठभागांचा घर्षणांक ०.१५ धरला, तर एकटा बोल्ट सुमारे ५.४ किलोन्यूटन, म्हणजे जवळपास ५५० किलो आडवा जोर केवळ घर्षणावर पेलतो. हाच बोल्ट घाईत १० किलोन्यूटनवर सोडून दिला, तर ही क्षमता १५० किलोवर येते. यंत्राचा आडवा धक्का २०० किलोंचा असेल तर पहिल्या स्थितीत काहीच घडणार नाही आणि दुसऱ्या स्थितीत तो बोल्ट उघडलाच म्हणून समजावे, मग त्याखाली कोणताही वॉशर असो.

आडवा भार एवढा मोठा असेल की घर्षणावर तो पेलणे शक्य नाही, तर तो बोल्टवर येऊच देऊ नये. डॉवेल पिन, चावी, खाच किंवा भोकात घट्ट बसणारा फिटेड बोल्ट यांपैकी कशावर तरी तो उतरवावा आणि नेहमीच्या बोल्टांकडे फक्त दाबून धरण्याचे काम ठेवावे.

अनुभवी फिटर असताना टॉर्क पाना हवाच का?

वर सांगितलेल्या एम १२ बोल्टला कोरड्या आट्यांवर सुमारे ८६ न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) लागतो, म्हणजे फूटभर लांबीच्या पान्यावर जवळपास ३० किलो जोर. जुना फिटर हा अंदाज बरोबर घेतो, परंतु तो त्याच्या सवयीच्या मापापुरता. सवयीच्या हाताने एम ८ तुटेपर्यंत आवळला जातो आणि एम २० निम्म्यावर राहतो, हे बहुतेक कारखान्यांत पाहायला मिळते. त्यामुळे महत्त्वाच्या जोडांसाठी टॉर्क पाना असावा, त्याची ठराविक काळाने तपासणी व्हावी आणि काम संपल्यावर त्याची सेटिंग सर्वात खालच्या आकड्यावर आणून ठेवावी. नट सोडवण्यासाठी तोच पाना वापरणाऱ्यांना तो देऊ नये.

मात्र टॉर्क म्हणजे ताण नव्हे, हेही ध्यानात ठेवावे. लावलेल्या टॉर्कपैकी ढोबळमानाने निम्मा बोल्टच्या डोक्याखालच्या किंवा नटाखालच्या घर्षणात जातो, सुमारे ४० टक्के आट्यांच्या घर्षणात जातो आणि बोल्ट ताणायला जेमतेम १० टक्के उरतो. घर्षण थोडे बदलले की हा उरलेला वाटा खूप बदलतो.

आट्यांना तेल किंवा ग्रीस लावावे की नाही?

कोणतीही एक पद्धत ठरवावी आणि टॉर्कचा आकडा त्याच पद्धतीचा वापरावा. कोरड्या बोल्टसाठीचा ८६ न्यूटन-मीटर टॉर्क तेल लावलेल्या एम १२ वर दिला, तर ताण ३६ ऐवजी ४८ किलोन्यूटनच्या आसपास पोहोचू शकतो, म्हणजे थेट बोल्टच्या मर्यादेपाशी. उलट गंजलेल्या, धूळ भरलेल्या आट्यांवर तोच टॉर्क दिल्यास पाना ‘टक्’ करतो, नोंदवहीत सही होते आणि जोड मात्र अर्धवट आवळलेला राहतो. आमच्या मते हलके तेल लावून कमी टॉर्क देणे हीच पद्धत बरी, कारण त्यात एका बोल्टपासून दुसऱ्या बोल्टपर्यंतचा फरक कमी राहतो. कोरडेपणा प्रत्येक बोल्टचा वेगळा असतो.

स्प्रिंग वॉशर लावला की बोल्ट सैल होत नाही, हे खरे आहे का?

नाही, आणि या विषयात जो गैरसमज सर्वात खोल रुजला आहे तो हाच. स्प्रिंग वॉशर सपाट व्हायला लागणारा जोर हा ८.८ ग्रेडच्या बोल्टच्या पूर्ण ताणाचा अगदी लहान हिस्सा असतो. आवळण्याच्या सुरुवातीलाच तो सपाट होतो आणि तेथून पुढे साध्या, एका जागी कापलेल्या वॉशरसारखा पडून राहतो. त्याची स्प्रिंग पुन्हा काम करू लागते ती बोल्टमधला जवळपास सगळा ताण गेल्यावर, आणि तोपर्यंत जोड केव्हाच सरकू लागलेला असतो. त्याची तीक्ष्ण टोके नटात आणि पृष्ठभागात रुततात आणि उलट फिरणे अडवतात, असेही सांगितले जाते. पण नट किंवा पृष्ठभाग कडक असेल तर ती रुतत नाहीत. युंकर यंत्रावर स्प्रिंग वॉशर लावलेला बोल्ट बहुधा विना-वॉशर बोल्टइतक्याच वेगाने सैल होतो. जर्मनीने स्प्रिंग वॉशरचे डीआयएन १२७ हे मानक मागे घेतले; आपल्याकडे आयएस ३०६३ प्रमाणे बनलेले वॉशर मात्र सर्रास विकले जातात आणि बसवलेही जातात.

वीजजोडणीच्या टर्मिनलसारख्या कमी ताणाच्या जागी त्याचा थोडा उपयोग असतो. मोटारीच्या पायाखाली, गिअर बॉक्सच्या फ्लँजवर किंवा लांबट भोकांवर त्याच्या जागी कडक केलेला, जाड, सपाट वॉशर वापरावा. यंत्र वॉरंटीत असेल तर हा बदल निर्मात्याला कळवूनच करावा, नाहीतर पुढे वाद होतो.

नटावरची रंगाची खूण जागेवर आहे, तरी बोल्ट सैल निघाला. असे कसे?

कारण नट न फिरताही ताण जाऊ शकतो. कोणताही पृष्ठभाग डोळ्यांना गुळगुळीत दिसला तरी त्यावर सूक्ष्म उंचवटे असतात, आणि जोड चालू लागला की ते दबून सपाट होतात. डोक्याखाली, नटाखाली, दोन प्लेटांमध्ये आणि आट्यांत मिळून १० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग, दबणे ही साधी गोष्ट आहे. आता २० मिलिमीटर जाडीच्या जोडातला एम १२ बोल्ट ३६ किलोन्यूटनवर केवळ ४० मायक्रॉनच्या आसपास ताणला गेलेला असतो. त्यातले १० मायक्रॉन गेले की ढोबळ हिशेबाने पाव ताण गेला. हाच जोड ६० मिलिमीटर जाडीचा असता, तर बोल्ट सुमारे १२० मायक्रॉन ताणलेला असता आणि तेवढ्याच दबण्याने बाराव्या भागाइतकाच ताण उतरला असता.

वारंवार सैल होणाऱ्या आखूड बोल्टच्या जागी नळीचा स्पेसर घालून लांब बोल्ट लावणे हा उपाय म्हणूनच स्वस्त आणि परिणामकारक आहे. पकडीची लांबी, म्हणजे बोल्टने दाबून धरलेली एकूण जाडी, व्यासाच्या तिप्पट ते पाचपट असावी. भोवती जागा नाही, ही सबब बहुतेक वेळा डोक्याच्या बाजूला जागा शोधली की संपते.

रंग हा या बाबतीतला छुपा शत्रू आहे. ऑफ सीझनमध्ये साखर कारखान्याची यंत्रे उघडून, रंगवून पुन्हा जोडतात आणि एकमेकांवर बसणाऱ्या तोंडांवरही रंगाचे दोन हात चढतात. हंगाम सुरू झाल्यावर साखर वाहून नेणारा ग्रासहॉपर दिवसरात्र पुढे-मागे हलू लागला की तो रंग बोल्टखाली चिरडला जातो आणि त्याला आधार देणाऱ्या पट्ट्यांचे क्लॅम्प पहिल्या काही दिवसांतच सैल होतात. पट्ट्या लाकडाच्या किंवा फायबरच्या असतील तर त्या स्वतःही दबतात. जोडाची तोंडे रंगवू नयेत, मऊ पॅकिंग घालू नये, आणि दबणाऱ्या पट्टीवर दाब पसरवणारी जाड पोलादी प्लेट ठेवावी.

बोल्ट पुन्हा आवळण्याचे वेळापत्रक कसे असावे?

दबण्याची ही क्रिया मुख्यतः सुरुवातीलाच उरकते, त्यामुळे नवा जोड काही तास चालवून थांबवावा आणि एकदा ठरलेल्या टॉर्कवर आवळावा. यंत्रनिर्मात्याने तासांचा आकडा दिला असेल तर तो पाळावा. त्यानंतरही दर आठवड्याला तोच बोल्ट पान्याखाली वळत असेल, तर आवळणे थांबवून कारण शोधावे. दर रविवारी आवळावा लागणारा बोल्ट म्हणजे जोड सरकत असल्याची तक्रार आहे, आणि ती पान्याने मिटत नाही.

एक अपवाद ध्यानात ठेवावा. थ्रेड लॉकर, म्हणजे आटे चिकटवून धरणारा द्रव, लावलेला बोल्ट नंतर ‘जरासा’ आवळू नये. त्यातला सुकलेला थर तुटतो आणि लॉकिंग संपते. तो उघडून, साफ करून, नवा थेंब घालूनच आवळावा.

नायलॉक नट पुरेसा आहे का?

नायलॉनचे कडे आट्यांना घट्ट पकडते, त्यामुळे ताण गेला तरी नट गळून पडत नाही. एवढेच त्याचे काम आहे. जोरदार आडव्या कंपनात तो ताण टिकवून ठेवत नाही; नट थोडा मागे फिरतो आणि नायलॉनच्या विरोधाशी बरोबरी झाल्यावर थांबतो. भाग यंत्रात पडून मोठे नुकसान होईल अशा जागी ही सोय मोलाची आहे. सुमारे १२० अंश सेल्सिअसच्या वर मात्र नायलॉन निकामी होते, तेव्हा भट्टीजवळ किंवा एग्झॉस्टवर पूर्ण धातूचा लॉकनट घ्यावा. दर वापरागणिक नायलॉनची पकड कमी होते. हाताने शेवटपर्यंत फिरणारा नायलॉक नट भंगारात टाकावा.

चेक नट वर लावायचा की खाली?

चेक नट, म्हणजे जोडीतला पातळ नट, खाली, जोडाला लागून, आणि जाड नट वर. आपल्याकडे जवळजवळ सर्वत्र याच्या उलट लावलेले दिसते. दोन नट एकमेकांवर आवळल्यावर भार वरच्या नटाच्या आट्यांवर जातो, म्हणून पूर्ण उंचीचा नट तेथे हवा. आधी पातळ नट निम्म्याहून कमी टॉर्कने आवळावा, मग त्याला पान्याने स्थिर धरून वरचा नट पूर्ण टॉर्कने आवळावा. दोन पाने न वापरता केलेले हे काम केवळ दोन नट लावल्याचे समाधान देते. जपानमधील हिगाशी-ओसाका येथे तयार होणारा आणि शिंकान्सेन रेल्वेवर वापरला जाणारा हार्डलॉक नटही जोडीचाच आहे. फरक इतकाच की त्यात एका नटाचा किंचित विकेंद्री शंकू दुसऱ्यात पाचरीसारखा घुसतो.

थ्रेड लॉकर वापरताना चुका कुठे होतात?

हा द्रव हवा नसताना आणि धातूच्या सान्निध्यात घट्ट होतो. अमेरिकेतील हार्टफर्ड येथील ट्रिनिटी कॉलेजातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक व्हर्नन क्रीबल यांनी १९५३ मध्ये तो विकसित केला आणि पुढे तो लॉकटाइट नावाने जगभर पोहोचला. हवा हीच त्याला द्रव ठेवते, म्हणून बाटली कारखान्यातूनच अर्धी रिकामी येते. त्यावरून दुकानदाराशी भांडू नये.

पहिली चूक तेलकट आट्यांवर तो ओतण्याची. काही प्रकार थोडे तेल सहन करतात, पण क्लीनरने पुसून कोरडे केलेल्या आट्यांवरची पकड निराळीच असते. दुसरी चूक घाईची: वीस-पंचवीस मिनिटांत बोल्ट हाताला घट्ट लागतो, पण पूर्ण ताकद यायला साधारण २४ तास लागतात आणि थंडीत किंवा स्टेनलेस स्टीलवर त्याहून अधिक. स्टेनलेसवर व काही मुलाम्यांवर आधी अ‍ॅक्टिव्हेटर फवारावा. तिसरी चूक बंद भोकातली. तेथे थेंब बोल्टवर टाकला तर आत अडकलेली हवा वर येताना द्रव बाहेर ढकलते. थेंब भोकाच्या तळातल्या आट्यांवर टाकावा.

रोजच्या देखभालीत उघडाव्या लागणाऱ्या बोल्टला मध्यम ताकदीचा निळा प्रकार पुरतो. लाल, जास्त ताकदीचा प्रकार उघडण्यासाठी जोड २५० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवावा लागतो, तेव्हा शेजारी ऑइल सील किंवा बेअरिंग असेल तर तो लावण्यापूर्वी विचार करावा. पॉलिकार्बोनेट आणि एबीएससारख्या प्लॅस्टिकला यामुळे तडे जातात. संरक्षक झाकणांच्या स्क्रूंवर तो लावू नये.

वेज-लॉक वॉशरची किंमत वसूल होते का?

मोक्याच्या जागी होते. हे दोन वॉशरांची जोडी असतात. त्यांच्या आतल्या तोंडांवर उतरणी असतात आणि बाहेरच्या तोंडांवर दाते. उतरणीचा कोन आट्यांच्या कोनापेक्षा जास्त असल्यामुळे नट उलटा फिरू लागला की जोडी जाड होते, बोल्ट आणखी ताणला जातो आणि फिरणे तेथेच अडते. बाकी बहुतेक साधने घर्षणावर विसंबतात. हे तसे नाही, म्हणून तेल लावूनही चालते. अट एकच, की बाहेरचे दाते रुतले पाहिजेत. पृष्ठभाग वॉशरपेक्षा कडक असेल, किंवा खाली एखादा सुटा फिरणारा सपाट वॉशर घातला असेल, तर सगळे पैसे वाया जातात. जोडीतले वॉशर उलटे, म्हणजे दात्यांना दाते लावून बसवलेलेही आढळतात. बसवणाऱ्याला एकदा हातात देऊन दाखवावे.

नट वेल्डिंगने टॅक करून टाकला तर?

टाकू नये. ८.८ आणि त्यावरील ग्रेडचे बोल्ट उष्णतोपचार केलेले असतात, ८.८ साठी टेम्परिंगचे (कडक केलेले पोलाद पुन्हा तापवून चिवट करण्याचे) किमान तापमान ४२५ अंश सेल्सिअस असते. वेल्डचा डाग त्याहून कितीतरी अधिक तापतो आणि लगेच थंड होतो, त्यामुळे डागाच्या कडेला पोलाद ठिसूळ होते व तेथून तडा सुरू होतो. शिवाय अर्थिंगची पकड दूर कोठेतरी लावली असेल तर करंट बेअरिंगमधून जातो आणि महिनाभराने बेअरिंग आवाज करू लागते. तेव्हा कोणालाही त्या टॅकची आठवण राहिलेली नसते. आट्यांच्या टोकावर पंच मारणे तेवढे घातक नाही, पण त्याने ताणही टिकत नाही.

८.८ ऐवजी १२.९ चा बोल्ट लावल्याने प्रश्न सुटेल का?

टॉर्क तोच ठेवला तर काहीही फरक पडणार नाही, कारण पकड ग्रेडने येत नाही, दिलेल्या ताणाने येते. टॉर्क वाढवला तर लाभ होतो. परंतु मग डोक्याखालचा मऊ पृष्ठभाग दबणार नाही ना, नट त्या ग्रेडचा आहे ना आणि भोकातले आटे तेवढे टिकतील ना, हे पाहावे लागते. १२.९ च्या बोल्टवर विजेच्या साहाय्याने झिंक चढवल्यास पोलादात हायड्रोजन शिरून ते आवळल्यानंतर काही तासांनी अचानक तुटण्याचा धोका असतो. बारीक आट्यांचा बोल्ट हा त्याहून सौम्य उपाय आहे: एम १२ वर १.७५ ऐवजी १.२५ मिलिमीटर पिच (लागोपाठच्या दोन आट्यांमधले अंतर) घेतली की उतार सुमारे ३ अंशांवरून २ अंशांवर येतो. मात्र धुळीच्या जागी बारीक आटे लवकर खराब होतात.

बोल्ट सैल होत नाहीत, तुटतात. हा वेगळा प्रश्न आहे का?

बहुतेक वेळा तोच. ताण गेलेल्या बोल्टवर यंत्राचा प्रत्येक धक्का थेट येतो आणि तो नटातल्या पहिल्या आट्यापाशी किंवा डोक्याखाली थकून तुटतो. तुटलेल्या तोंडावर एका कडेपासून पसरलेल्या, शिंपल्यासारख्या रेषा दिसल्या तर हे नक्की समजावे. अशा वेळी फक्त तुटलेला बोल्ट बदलू नये. शेजारच्या बोल्टांनी त्याचा भार उचललेला असतो, म्हणून पूर्ण संच बदलावा.

फेरी मारताना काय पाहावे?

वॉशरच्या कडेने तांबूस भुकटी दिसली तर जोड आत सरकतो आहे. पोलादाची तोंडे एकमेकांवर घासून ती तयार होते. अ‍ॅल्युमिनिअमच्या भागांवर हीच भुकटी काळी असते. जोडाच्या फटीतून तेल पाझरणे आणि रंगाला बोल्टभोवती गोल तडा जाणे या खुणाही तेच सांगतात. बोल्टचे टोक, नट आणि प्लेट या तिन्हींवरून एकच सरळ पट्टी ओढावी. फक्त नट आणि प्लेट जोडणारी पट्टी बोल्ट स्वतः फिरला तर गप्प राहते.

ही फेरी कंटाळवाणी वाटते, हे खरे. इंग्लंडमध्ये पॉटर्स बार येथे १० मे २००२ रोजी रेल्वेच्या सांध्यांवरील स्ट्रेचर बारचे (सांध्याच्या हलत्या रुळांना जोडणाऱ्या आडव्या दांडीचे) नट सुटलेले असल्यामुळे गाडीचा मागचा डबा रुळावरून घसरला आणि ७ जण मृत्युमुखी पडले.

खडी क्रशरच्या व्हायब्रेटिंग स्क्रीनवर काहीच टिकत नाही. तेथे काय करावे?

अशी स्क्रीन, म्हणजे खडी चाळणारी हलती चाळणी, मिनिटाला ९०० फेऱ्यांनी चालत असेल तर दहा तासांच्या पाळीत ५ लाख ४० हजार आवर्तने होतात. येथे यंत्राच्या मूळ सांगाड्याच्या जोडांसाठी नट-बोल्टचा हट्ट सोडून लॉकबोल्ट वापरावेत. त्यांना बाजारात हक बोल्ट म्हणतात. त्यात फिरणारा नट नसतो. पिनला ताण देऊन तिच्या खाचांमध्ये कॉलर दाबून बसवली जाते, त्यामुळे उलटे फिरण्याचा प्रश्नच उरत नाही. बसवण्यासाठी हायड्रॉलिक गन लागते आणि काढायचे तर कापावेच लागते. म्हणून वारंवार बदलाव्या लागणाऱ्या जाळ्यांसाठी ते उपयोगाचे नाहीत. तेथे वेज-लॉक वॉशर आणि घासून स्वच्छ केलेली बैठक हाच मार्ग आहे.

फिरणाऱ्या शाफ्टच्या टोकावरचा नट सारखा सुटतो. काय तपासावे?

आट्यांची दिशा. बेंच ग्राइंडरच्या डाव्या बाजूच्या चाकाचा नट डाव्या आट्यांचा असतो, कारण उजवे आटे असते तर फिरण्याच्या ओढीने तो उघडला असता. दुरुस्तीत शाफ्ट नव्याने बनवताना लेथवाल्याने सवयीने उजवे आटे पाडले, किंवा मोटारीचे दोन फेज बदलून दिशा उलटली, तर पूर्वी वर्षानुवर्षे टिकलेला नट रोज सुटू लागतो. दिशा बरोबर असूनही सुटत असेल तर तेथे कॅसल नट, म्हणजे वर खाचा असलेला नट, लावून स्प्लिट पिन घालावी, आणि पिन दर वेळी नवी घ्यावी.